इंग्लिश नाटकाचा इतिहास डोक्यात राहत नाही? आधी पैसे कोण देत होतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बाहेरून एम.ए. करताय, ड्रामाचा पेपर चार महिन्यांवर आलाय, मिरॅकल प्लेपासून पिंटरपर्यंत सगळं आहे, दोन गाइडं वाचून झाली तरी नावं आणि सनावळ्या टिकत नाहीत, आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी सव्वीस वर्षं हाच पेपर शिकवतेय, तालुक्याच्या कॉलेजात, त्यामुळे उत्तराला जरा लांबण लागेल, चहा घेऊनच बसा.

पहिली सहा-सात वर्षं मीही गाइडासारखंच शिकवलं. मिरॅकल (संतांच्या चमत्कारांची नाटकं), मिस्टरी (बायबलमधल्या गोष्टींची), मोरॅलिटी (गुण-दुर्गुणांनाच पात्रं करून उपदेश), इंटरल्यूड (छोटी करमणुकीची), मग युनिव्हर्सिटी विट्स (ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकलेले नाटककार), मग शेक्सपिअर, मी सांगायचे आणि पोरं लिहून घ्यायची. एकदा मागच्या बाकावरच्या एकानं हात वर केला, म्हणाला, मॅडम, नाटक दुपारी दोन वाजता व्हायचं म्हणता, मग हे लोक कामधंदा सोडून यायचे कसे? वर्ग हसला. मी पण हसले आणि पुढे गेले, पण घरी येऊन शोधायला लागले तेव्हा कळलं की लंडनच्या नगरपालिकेची नाटकवाल्यांवरची मोठी तक्रार नेमकी हीच होती, शिकाऊ पोरं दुकानं सोडून नाटकाला पळतात. म्हणजे त्या पोरानं जे विचारलं ते माझ्या नोट्समध्ये असायला हवं होतं आणि नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही काळाचं नाटक शिकवताना आधी हेच विचारते की पैसे कोणाचे, जागा कुठली, उजेड कसला, आणि परवानगी कोणाची. एवढं कळलं की लेखकाचं नाव आपोआप जागेवर बसतं, उलटं केलं तर बसत नाही, निदान माझ्या वर्गात तरी कधी बसलं नाही.

उदाहरण म्हणून सुरुवातच घ्या. दहाव्या शतकात चर्चमधल्या ईस्टरच्या प्रार्थनेत एक छोटा संवाद आला, कबरीपाशी आलेल्या बायकांना देवदूत विचारतो कोणाला शोधताय, आणि विंचेस्टरच्या बिशपनं साधारण ९७० च्या सुमारास तो कसा करायचा याच्या सूचनासुद्धा लिहून ठेवल्यात, कोणी कुठे बसायचं, काय पांघरायचं. गाइडं इथून जी शिडी लावतात ती थेट शेक्सपिअरपर्यंत नेतात, चर्चमधून अंगणात, अंगणातून बाजारात, बाजारातून थिएटरात. ही शिडी विसरा. चर्चमधली लॅटिन नाटकं आणि रस्त्यावरची इंग्लिश नाटकं बराच काळ शेजारी शेजारी चालू होती, एकीतून दुसरी पायरी पायरीनं निघाली असं दाखवता येत नाही, आणि हे गेली साठेक वर्षं अभ्यासक सांगतायत तरी आपली गाइडं काही ऐकत नाहीत.

आता यॉर्क. इथे थोडं थांबायचं. कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला पहाटे साडेचारच्या सुमारास गाड्या निघायच्या, चाकांवरचे रंगमंचच म्हणा ना, आणि जगाच्या उत्पत्तीपासून शेवटच्या निवाड्यापर्यंतची जवळपास पन्नास छोटी नाटकं शहरात ठरलेल्या ठिकठिकाणी एकामागोमाग एक व्हायची. पैसे कारागिरांच्या संघांचे. नोआची नाव बांधायचा प्रवेश जहाज बांधणाऱ्यांकडे, शेवटचं जेवण बेकरीवाल्यांकडे, आणि येशूला क्रुसावर खिळायचा प्रवेश कोणाकडे, तर टाचण्या-खिळे बनवणाऱ्यांकडे. आपल्याकडे गणपतीत गल्लीतलं मंडळ देखावा करतं तसा प्रकार, फक्त इथे धंदा आणि देखावा जुळवलेला.

तो खिळ्यांचा प्रवेश मूळातून वाचाच, फार तर तीनशे ओळींचा आहे. चार सैनिक आहेत आणि त्यांच्या दृष्टीनं हे एक काम आहे, दुसरं काही नाही. एक हात ठोकून होतो आणि मग लक्षात येतं की दुसऱ्या हातासाठी लाकडात पाडलेलं भोक फूटभर लांब पडलंय. आता काय करायचं? नवं भोक पाडायचं सोडून ते दोरी लावून हात ओढतात, भोकापर्यंत पोचेस्तोवर. मग क्रूस उचलताना खांदे गेले म्हणून कुरकुर, मग खड्डा मोठा पडलाय, क्रूस हलतोय, पाचरी मारा. सगळी भाषा साइटवरच्या मिस्त्री-बिगाऱ्यांची आहे. आणि हे सगळं चालू असताना येशू जवळजवळ गप्प, फक्त दोनदा बोलतो, त्यातलं दुसरं बोलणं थेट रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना उद्देशून, म्हणजे खरोखर त्या यॉर्कच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पब्लिकला. ते पब्लिक इतका वेळ सैनिकांच्या फजितीत रमलेलं असतं आणि एकदम त्यांच्या लक्षात येतं आपण काय बघत उभे होतो. मी हा प्रवेश वर्गात वाचून घेते तेव्हा पहिल्यांदा हशा येतो आणि मग शांतता. ‘मिस्टरी प्ले बाळबोध होते’ असं ज्या पुस्तकात लिहिलंय ते बंद करून ठेवा.

यॉर्कची ही परंपरा १५६९ ला शेवटची झाली, कॉव्हेंट्रीची १५७९ ला. आपोआप मेली नाही, धर्मसुधारणेनंतर एलिझाबेथ राणीच्या चर्चला ही कॅथलिक वळणाची नाटकं नको होती म्हणून बंद पाडली. शेक्सपिअरचा जन्म १५६४ चा, कॉव्हेंट्री त्याच्या गावाजवळच, म्हणजे पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला ती बघायला मिळण्यासारखी होती. हॅम्लेट नटांना सांगतो ना, आरडाओरडा करून हेरॉडच्या वरताण करू नका, तो हेरॉड याच नाटकांमधला आहे. हे एवढं उत्तरपत्रिकेत लिहिलंत तर तपासणारा चष्मा सारखा करून बसेल.

मोरॅलिटी आणि इंटरल्यूड भरभर उरका. ‘एव्हरीमॅन’ वाचा, तासाभराचं काम आहे, मृत्यू बोलवायला येतो आणि मित्र, नातेवाईक, पैसा एकेक करून पाय मागे घेतात. पुढे मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ मध्ये चांगला देवदूत आणि वाईट देवदूत दोन्ही कानांशी बोलतात, सात पापं रांगेनं येतात, तेव्हा ते कुठून आलं ते कळायला एवढं पुरे. ‘गॉरबोडक’ १५६१-६२ चं, वकिलीच्या विद्यार्थ्यांच्या इनर टेम्पलमध्ये झालं, ब्लँक व्हर्समधलं, म्हणजे यमक नसलेल्या पद्यातलं, पहिलं नाटक, हे लक्षात ठेवा आणि पूर्ण वाचायच्या भानगडीत पडू नका, मी दोनदा वाचलंय, दोन्ही वेळा झोप आली.

खरी उलथापालथ १५७० च्या दशकातली. १५७२ च्या कायद्यानं असं केलं की ज्या नटांना कुणा सरदाराचा आश्रय नाही ते भटके आणि उनाड समजून पकडायचे. म्हणून या कंपन्यांची नावं लॉर्ड चेंबरलेन्स मेन, ॲडमिरल्स मेन अशी, ती शोभेची नावं नव्हेत, तो जामीन होता. मग १५७६ मध्ये जेम्स बर्बेज नावाच्या नटानं, जो मूळचा सुतार, नगरपालिकेच्या हद्दीबाहेर शोरडिचला नाटकासाठीच इमारत बांधली आणि तिला नाव दिलं ‘द थिएटर’. आता पैसे संघाचे नाहीत, देवळाचे नाहीत, दारात एक पेनी टाकून आत येणाऱ्या माणसाचे. उभं राहायला एक पेनी, गॅलरीत बसायला आणखी एक, उशी हवी तर तिसरी. आणि ज्याला रोज तेच पब्लिक परत आणायचंय त्याला रोज नवं नाटक लागतं. मार्लो हा चांभाराचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, किड हा लेखनिकाचा मुलगा, जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी (हे दोघं विद्यापीठात न गेलेले), अशी शिकलेली पण खिसा रिकामी पोरं लंडनमध्ये होतीच, त्यांना गिऱ्हाईक मिळालं. युनिव्हर्सिटी विट्स म्हणजे काय ते या बाजूनं बघा, पाठ करायची गरजच पडणार नाही.

जमिनीचं लीज संपल्यावर मालकाशी वाजलं, तेव्हा कंपनीनं १५९८ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, अख्खं थिएटर सुटं केलं, लाकडं थेम्सपलीकडे नेली आणि त्यातून १५९९ ला ग्लोब उभं केलं. जमीन तुझी, पण लाकडं आमची! हा किस्सा मी सांगते तेव्हा ज्यांच्या घरात भाऊबंदकीचे दावे चालू आहेत ती पोरं एकदम टवटवीत होतात.

उजेडाचं सांगते आता, कारण हे गाइडात बिलकुल नसतं. ग्लोब वरून उघडं, खेळ दुपारी, लख्ख उजेडात. आणि ‘हॅम्लेट’ सुरू होतं मध्यरात्री, तटावर, पहारेकरी एकमेकांना ओळखत नाहीत. पहिलं वाक्यच ‘कोण आहे तिकडे’, आणि ते विचारतो कामावर आलेला, तर जो आधीपासून पहाऱ्यावर उभा आहे तो उलट म्हणतो की तूच आधी बोल. पुढच्या सात-आठ ओळींत बारा वाजले, थंडी कडक आहे, उंदीरसुद्धा हलला नाही, सगळं येऊन जातं. डोक्यावर ऊन आणि शब्दांनी रात्र केली. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, दशावतारात नाही का, एक फेरी मारली की अयोध्येची लंका होते. नेपथ्य नाही म्हणून भाषा एवढी भरलेली आहे, शेक्सपिअरला उपमा फार आवडायच्या म्हणून नव्हे.

मग १६०८-०९ च्या सुमाराला हीच कंपनी हिवाळ्यात ब्लॅकफ्रायर्सला खेळ करायला लागली, बंद हॉल, मेणबत्त्या, कमीत कमी तिकीट सहा पेन्स, म्हणजे पिटातलं, खाली एक पेनीत उभं राहणारं पब्लिक कटाप. मेणबत्त्यांच्या वाती कापायला थांबावं लागतं म्हणून अंकांमध्ये खंड पडतो आणि त्या वेळात संगीत. वेब्स्टरच्या ‘डचेस ऑफ माल्फी’ मध्ये भाऊ बहिणीला अंधारात भेटायला येतो, दिवे न्यायला लावतो, हात पुढे करतो आणि ती हातात घेते तर तो मेलेल्या माणसाचा हात. आमच्याकडे लोडशेडिंगचे दिवस होते तेव्हा गॅदरिंगच्या तालमीत नेमका हा प्रवेश चालू असताना वीज गेली, कोणीतरी दोन मेणबत्त्या आणल्या आणि त्यातली एक विझली. जिला ते काम दिलं होतं ती खरोखर किंचाळली, हातात होता रबरी हातमोजा. त्या दिवशी त्या वर्गाला जाकोबियन ड्रामा, म्हणजे जेम्स राजाच्या काळातलं नाटक, समजला, मला वेगळं शिकवावं लागलं नाही. अर्थात हेच नाटक उघड्या ग्लोबमध्येही झालंय, १६२३ च्या छापील प्रतीवर दोन्ही थिएटरांची नावं आहेत, त्यामुळे ‘मेणबत्तीसाठीच लिहिलं’ असं ठोकून देऊ नका.

१६४२ च्या सप्टेंबरात, राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झाल्यावर, पार्लमेंटनं थिएटरं बंद केली, १६६० ला राजेशाही परत आली, दुसरा चार्ल्स राजा झाला आणि ती उघडली. परीक्षेत हे अठरा वर्षांचं अंतर हमखास विचारतात. पण नुसतं ‘बंद होती’ लिहू नका, काय बदललं ते लिहा. पेनीवालं पब्लिक गेलं, राजानं दोनच कंपन्यांना परवाना दिला, एक किलिग्र्यूला आणि एक डॅव्हनंटला, पडद्यांचं रंगवलेलं नेपथ्य आलं, आणि १६६० च्या डिसेंबरात पहिल्यांदा एका बाईनं डेस्डिमोना केली. तोपर्यंत सगळ्या ज्युलिएट, सगळ्या क्लिओपात्रा म्हणजे पोरगे. बालगंधर्वांचे फोटो ज्यांच्या घरात लागलेत त्यांना यात विचित्र वाटायचं कारण नाही, आपल्याकडे हा बदल घडायला १९३३ चं ‘आंधळ्यांची शाळा’ यावं लागलं. बाई स्टेजवर आल्याबरोबर नाटकांचा विषयच बदलला, लग्न, हुंडा, नवऱ्याला फसवणं, बायकोला फसवणं, आणि ॲफ्रा बेनसारखी बाई नाटकं लिहून पोट भरायला लागली. ‘कंट्री वाइफ’ किंवा ‘वे ऑफ द वर्ल्ड’ यातलं एक वाचा. दुसऱ्याचं कथानक कागदावर नातेसंबंधांचं झाड काढल्याशिवाय समजत नाही, मला तरी समजत नाही.

आता १७३७ चा लायसन्सिंग ॲक्ट, माझ्या मते या पेपरातली शेक्सपिअरनंतरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि गाइडात तिला दोन ओळी. जॉन गे या लेखकानं १७२८ ला ‘बेगर्स ऑपेरा’ मध्ये चोर आणि मंत्री एकाच माळेचे मणी दाखवले (पुढे ब्रेश्ट आणि त्याच्यावरून पु.लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’ यातूनच), मग फील्डिंगनं पंतप्रधान वॉलपोलला धारेवर धरलं, आणि वॉलपोलनं कायदा आणला. दोन परिणाम. एक, प्रत्येक नवं नाटक आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे वाचायला पाठवायचं. फील्डिंग नाटक सोडून कादंबरीकडे वळला आणि ‘टॉम जोन्स’ मिळाली, म्हणजे कादंबरीच्या पेपरातला तुमचा एक प्रश्न या पेपरातल्या कायद्यातून निघतो. दोन, बोललेलं नाटक फक्त ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन परवानावाल्या थिएटरांत. बाकीच्यांनी पळवाट काढली, गाणी घातली, संगीत घातलं, मूक अभिनय घातला, की हे नाटक नव्हेच. मेलोड्रामा फोफावला तो असा. तिकडे परवानावाली थिएटरं वाढत वाढत ड्रुरी लेन १७९४ ला साडेतीन हजारांच्या वर गेलं, तिथे बारीक अभिनय दिसणार कोणाला, म्हणून हातवारे मोठे, आवाज मोठा. एकोणिसाव्या शतकात एवढे कवी असून नाटक का नाही, हा प्रश्न आला की ‘प्रतिभेचा अभाव’ लिहू नका, कायदा आणि इमारत लिहा. शेरिडनचं ‘स्कूल फॉर स्कँडल’ १७७७ चं, पडद्याआड बायको लपलेली आणि नवरा समोर, तो प्रवेश आजही खणखणीत चालतो, ते वाचून पुढे व्हा.

दोन थिएटरांची मक्तेदारी गेली १८४३ ला. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, संबंध काही नाही, पण सन पाठ व्हायला बरं. सेन्सॉर मात्र गेला नाही. इब्सेनचं ‘घोस्ट्स’ १८९१ ला खासगी क्लबचा प्रयोग म्हणून करावं लागलं, तिकीट विकलं तर गुन्हा, मेंबर असाल तर चालतं. शॉचं ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ १८९३ ला लिहिलेलं, लंडनमध्ये सर्वांसाठी व्हायला १९२५ उजाडलं. शॉच्या त्या लांबलचक प्रस्तावना कशासाठी असा प्रश्न पडतो ना सगळ्यांना? स्टेजवर येऊ देत नाहीत तर पुस्तक छापून वाचायला लावू, हा त्यातला मोठा भाग. इंग्रजांनी इथे १८७६ ला नाट्यप्रयोगांचा कायदा आणला आणि १९१० ला ‘कीचकवध’ वर बंदी घातली, ते घरच्याच सवयीनं.

विसाव्या शतकात ८ मे १९५६, लंडनचं रॉयल कोर्ट थिएटर, ऑस्बर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’, पडदा उघडला तर एक बाई इस्त्री करतेय. बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ आदल्या वर्षीच लंडनला येऊन गेलेलं. पिंटरचं ‘बर्थडे पार्टी’ १९५८ ला आठवड्यात बंद पडलं आणि त्याची बाजू घेणारं परीक्षण छापून आलं तोवर खेळ थांबले होते. ही तीन नाटकं वाचाच. आणि १९६८ ला सेन्सॉर गेला, १७३७ पासूनचा, म्हणजे २३१ वर्षं. कायदा लागू झाला २६ सप्टेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी ‘हेअर’ हे संगीत नाटक उघडलं, नागडी माणसं स्टेजवर. तुमचा सिलॅबस पिंटरला संपतो, पण वेळ मिळाला तर कॅरिल चर्चिलचं ‘टॉप गर्ल्स’ बघा.

चार महिन्यांचं म्हणाल तर पहिले दोन महिने गाइड कपाटात. मी वर सांगितलेली नाटकं धरली तर साधारण दहा-बारा होतात, आठवड्याला दीड पडतं. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं ते चार प्रश्न आणि दोन-दोन शब्दांत उत्तरं. सनावळी वेगळी पाठ करू नका, १५७६, १६४२, १६६०, १७३७, १८४३, १९५६, १९६८ एवढेच सन भिंतीवर लावा, बाकीचं त्यांच्यामध्ये कुठे पडतं एवढं कळलं तरी पास होण्यापलीकडे जाता येतं. गाइड तिसऱ्या महिन्यात काढा, तेव्हा त्यातल्या चुका दिसायला लागतील.

आणि सुरुवात यॉर्कच्या खिळ्यांपासून करा, आज रात्रीच. आधुनिक स्पेलिंगची आवृत्ती घ्या, जुन्या स्पेलिंगच्या नादी लागू नका. मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा, घरात कोणी असेल तर चार सैनिक वाटून घ्या. येशूला दोनदाच बोलायचंय, ते काम घरातल्या सगळ्यात शांत माणसाला द्या.